हिशेबातले लिटर आणि हौदातले लिटर जुळत नाहीत तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात जत तालुक्यातील एका वस्तीवर दहा हजार लिटरचा टँकर आला. मालकाने स्वतः बांधून घेतलेल्या हौदात पाणी सोडले, आणि टँकरमध्ये दोन हजार लिटरच्या आसपास पाणी शिल्लक असतानाच हौदाच्या वरच्या पाइपातून पाणी बाहेर पडू लागले. मालकाच्या वहीत त्या हौदाची क्षमता १३,५९२ लिटर अशी लिहिलेली होती. मी दुसऱ्या दिवशी तेथे गेलो तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न असा होता : “साहेब, आकडा कॅल्क्युलेटरवर तीनदा काढलाय. मग हौद खोटा का टँकर खोटा?”

सांगली आणि आसपासच्या तालुक्यांत पाण्याच्या टाक्या, विहिरी आणि शेततळी मोजण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, आणि या ना त्या रूपात हाच प्रश्न माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतो. हौद खोटा नसतो आणि बहुतेक वेळा टँकरही खोटा नसतो. गुणाकारही क्वचितच चुकलेला असतो, कारण तो यंत्र करते. चूक असते ती गुणाकाराच्या आधी, म्हणजे टेप कोठे धरला यात, किंवा नंतर, म्हणजे आलेल्या घनफुटांचे किंवा घनमीटरांचे लिटर कसे केले यात. म्हणून तोच गुणाकार चौथ्यांदा करण्याऐवजी मी प्रथम एक भागाकार करतो.

आधी भागाकार

हिशेबातून निघालेल्या आकड्याला प्रत्यक्षात मोजलेल्या आकड्याने भागावे. प्रत्यक्षाचा आकडा अगदी अचूक नसला तरी चालतो, टँकरचा अंदाज किंवा पंप किती वेळ चालला याचा अंदाजही पुरेसा होतो. जे उत्तर येते ते चुकीचा ठसा असते, कारण या कामातल्या नेहमीच्या चुका थोड्या आहेत आणि प्रत्येकीचे गुणोत्तर ठरलेले आहे.

उत्तर ४ च्या जवळ आले तर गोल टाकीच्या सूत्रात त्रिज्येच्या जागी व्यास घातला गेला आहे. १.२७ आले तर गोल टाकी चौकोनी समजून व्यासाला व्यासाने गुणले आहे, कारण ४ ला ३.१४१६ ने भागले की १.२७३ येतात. ३ आले तर वाळूच्या किंवा धान्याच्या शंकूच्या आकाराच्या ढिगाला सरळ उभ्या पिंपाचे सूत्र लावले आहे. १.२ किंवा ०.८३ आले तर ब्रिटिश आणि अमेरिकन गॅलनचा घोटाळा आहे. १०, १०० किंवा १००० आले तर सेंटिमीटर, मीटर आणि लिटर यांच्यामधील शून्ये हरवली आहेत. २८.३ किंवा त्याच्या उलट ०.०३५ आले तर घनफुटांनाच लिटर किंवा लिटरांनाच घनफूट म्हटले गेले आहे. आणि १.३ ते १.८ च्या दरम्यानचे, कोणत्याही सूत्रात न बसणारे उत्तर आले तर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून पुन्हा जागेवर जावे लागते, कारण तेथे माप घेण्यातच चूक झालेली असते.

जतच्या हौदाचे उत्तर या शेवटच्या प्रकारात होते. १३,५९२ ला आठ हजारांनी भागले की १.७ येतात.

एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. दोन चुका एकत्र झाल्या तर त्यांची गुणोत्तरे एकमेकांना गुणली जातात. गोल टाकी चौकोनी धरली आणि वर गॅलनही चुकीचा घेतला, तर १.२७३ गुणिले १.२ म्हणजे १.५३ येतात, आणि तो आकडा माप घेण्यातल्या चुकीसारखा दिसतो. याहून वाईट म्हणजे कधी कधी दोन चुका एकमेकींना खातात आणि उत्तर बरोबर दिसते. त्याचे एक उदाहरण पुढे शेततळ्यात येणार आहे.

टेप भिंतीच्या बाहेर होता

जतच्या मालकांनी हौद बाहेरून मोजला होता. लांबी १० फूट, रुंदी ८ फूट, उंची ६ फूट, म्हणजे ४८० घनफूट. एका घनफुटात २८.३१६८ लिटर बसतात, त्यामुळे १३,५९२ लिटर. हिशेब म्हणून यात एकही चूक नाही. मात्र हे पाण्याचे घनफळ नव्हे, भिंती, तळ आणि वरची मोकळी जागा धरून संपूर्ण बांधकामाचे घनफळ आहे.

भिंती नऊ इंची विटांच्या होत्या, त्यामुळे लांबीतून दोन्ही बाजूंचे मिळून दीड फूट आणि रुंदीतूनही दीड फूट जातो. आत उरतात साडेआठ फूट आणि साडेसहा फूट. तळाचा थर सहा इंचांचा आहे, आणि जादा पाणी बाहेर जाण्याचा पाइप वरच्या कडेपासून सहा इंच खाली बसवलेला आहे. पाणी त्या पाइपाच्या खालच्या कडेच्या वर कधीच चढत नाही, म्हणून खोली ५ फूट. साडेआठ गुणिले साडेसहा गुणिले पाच म्हणजे २७६.२५ घनफूट, त्याचे ७,८२२ लिटर. टँकरमध्ये दोन हजारांच्या आसपास पाणी उरले होते, ते याच हिशेबाने.

भिंत नऊ इंचांची, तीही दोन्ही बाजूंना, आणि तळाचे व वरचे सहा-सहा इंच, एवढ्याने क्षमतेचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जाईल हे ऐकून माणूस थबकतो. कारण असे की लहान हौदात भिंतीची आणि तळाची जाडी आतल्या मापाच्या मानाने मोठी असते, आणि ती लांबी, रुंदी, उंची या तिन्ही दिशांना खाते. मोठ्या टाकीत हाच परिणाम नगण्य होतो. म्हणून “आमच्या गावच्या टाकीला बाहेरून मोजले तरी फरक पडला नाही” हे म्हणणे खरे असू शकते आणि तरीही घराच्या हौदाला ते लागू पडत नाही.

याच हौदात आणखी एक हिशेब दडलेला होता. नळाला जाणारा पाइप तळापासून चार इंच वर आहे, त्यामुळे तळाचे ५२१ लिटर पाणी नळाला कधीच मिळत नाही. क्षमता ७,८२२ लिटर, पण उपयोगाचे पाणी ७,३०० लिटर. ज्यांना घरात दिवसाला किती पाणी लागते याचा हिशेब करायचा आहे त्यांनी दुसरा आकडा घ्यावा, आणि ज्यांना टँकर मागवायचा आहे त्यांनी पहिला.

पाच फूट दहा इंच म्हणजे ५.१० नव्हे

ही चूक इतकी सर्रास होते की एखादा मिस्त्री कागदावर “५.१०” लिहून देतो तेव्हा मी त्याला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. मिस्त्री टेपवर पाच फूट दहा इंच वाचतो आणि फूट व इंच वेगळे दाखवण्यासाठी मध्ये टिंब देतो, हा त्याच्या पद्धतीने अगदी बरोबर लिहिलेला आकडा आहे. पण कॅल्क्युलेटरला ते टिंब दशांश चिन्ह वाटते, आणि त्याच्या लेखी ५.१० म्हणजे पाच फूट आणि एका फुटाचा दहावा भाग, म्हणजे जेमतेम पाच फूट सव्वा इंच. खरे माप ५.८३ फूट आहे.

तिन्ही बाजू पाच फूट दहा इंच असलेली टाकी घ्या. खरे घनफळ १९८.५ घनफूट, म्हणजे ५,६२० लिटर. ५.१० घालून काढलेले घनफळ १३२.६५ घनफूट, म्हणजे ३,७५६ लिटर. जवळजवळ १,८६० लिटर हवेत गेले, तेही एका टिंबामुळे. गंमत म्हणजे पाच फूट सहा इंच हे ५.६ असे लिहिले तर चूक फार लहान असते, कारण खरे माप ५.५ असते. पाच फूट पाच इंच हे ५.५ लिहिले तरी फरक किरकोळ. त्यामुळे काही मापांत ही सवय खपून जाते आणि माणसाला तिची खात्री वाटू लागते. दहा आणि अकरा इंचांवर मात्र ती उघडी पडते.

उपाय साधा आहे. सर्व मापे इंचांत घ्यावीत, तिन्ही गुणावीत आणि आलेल्या घनइंचांना १,७२८ ने भागावे, म्हणजे घनफूट मिळतात. १,७२८ हा आकडा १२ गुणिले १२ गुणिले १२ असा आला आहे. येथेही काहीजण सवयीने १२ ने किंवा १४४ ने भागतात. १२ ने भागले तर उत्तर १४४ पट मोठे येते आणि लगेच लक्षात येते, कारण घराच्या टाकीत आठ लाख लिटर पाणी कोणी मान्य करत नाही. १४४ ने भागले तर उत्तर १२ पट येते, आणि मोठ्या टाकीच्या बाबतीत ते कधी कधी खरे वाटून जाते.

हीच गोष्ट मीटर आणि फूट यांच्यात होते. एका मीटरमध्ये ३.२८ फूट असतात हे सर्वांना पाठ असते, म्हणून घनमीटरांचे घनफूट करतानाही ३.२८ ने गुणले जाते. गुणायला हवे ३५.३१ ने, कारण लांबी, रुंदी आणि उंची या तिघींनाही ३.२८ ने गुणावे लागते. उत्तर १०.७६ पट लहान येते. म्हणून मी सर्वांना एकच शिस्त सांगतो : एकक बदलायचे असेल तर ते टेपच्या मापातच बदला, घनफळ निघाल्यावर नव्हे. सर्व मापे सेंटिमीटरमध्ये घेतली, गुणाकार केला आणि १,००० ने भागले, की थेट लिटर मिळतात. एक घनसेंटिमीटर म्हणजे एक मिलिलिटर, यात कोणताही गुणक लक्षात ठेवावा लागत नाही. आमच्या भागात गवंड्याच्या टेपवर एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात. टेप उलटा धरला की निम्मे काम होते, पण सवय फुटाची असल्यामुळे ती बाजू कोणी पाहत नाही.

विहीर, पिंप आणि आडवा टँकर

गोल टाकीचे सूत्र म्हणजे त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४१६ गुणिले पाण्याची खोली. २४ फूट व्यासाच्या विहिरीत १५ फूट पाणी असेल तर त्रिज्या १२ फूट, घनफळ ६,७८६ घनफूट, पाणी १ लाख ९२ हजार लिटर. त्रिज्येच्या जागी २४ घातले तर ७ लाख ६९ हजार. विहिरीच्या मालकाला हा दुसरा आकडा आवडतो, आणि तेथेच अडचण होते. आवडलेला आकडा कोणी तपासत नाही. खोलीच्या बाबतीत आपल्याकडे परसाचे माप अजून बोलण्यात आहे, परंतु परस हे माणसाच्या उंचीवरून आलेले माप असल्यामुळे हिशेबासाठी दोरीला दगड बांधून ओली दोरी टेपने मोजणेच योग्य.

बंद टाकीचा व्यास मोजता येत नाही तेव्हा बाहेरून दोरीने घेर घ्यावा. घेराला ३.१४१६ ने भागले की बाहेरचा व्यास मिळतो, त्यातून भिंतीची जाडी दोनदा वजा करावी. प्लास्टिकच्या टाकीत ही वजाबाकी सोडली तरी चालते, सिमेंटच्या कड्यांच्या टाकीत नाही.

आडव्या टँकरच्या बाबतीत सूत्र बरोबर असूनही फसगत होते. टँकरचा चालक काठी बुडवून सांगतो की पाव टँकर पाणी उरले आहे, आणि आपण दहा हजारांचा चौथा भाग म्हणून अडीच हजार धरतो. आडव्या नळकांड्यात तळाचा भाग अरुंद असतो, त्यामुळे उंचीच्या पावभागापर्यंतचे पाणी एकूण क्षमतेच्या १९.५ टक्केच असते, म्हणजे १,९५५ लिटर. दहाव्या भागापर्यंत तर फक्त ५.२ टक्के, म्हणजे ५२० लिटर. निम्म्यावर हिशेब बरोबर येतो, आणि त्याच्या वर चूक उलट्या दिशेने जाते : काठी पाऊण भिजली असेल तर पाणी ७,५०० नव्हे, ८,०४५ लिटर असते. टँकर पूर्ण गोल नसून लंबगोल असेल तरीही हीच प्रमाणे लागू पडतात, फक्त काठी उभी आणि टँकरच्या मध्यावर बुडवलेली हवी, आणि टँकर सपाट जागी उभा हवा. माण-खटावच्या चढउताराच्या वाटांवर ही शेवटची अट पाळणे अवघड असते, हे मला माहीत आहे.

शेततळे : जेथे दोन चुका एकमेकींना भेटल्या

कवठेमहांकाळ तालुक्यातील एका द्राक्षबागायतदाराचे शेततळे वरून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल होते. पोकलेनवाल्याने हिशेब मांडला तो असा : ३० गुणिले ३० गुणिले ३ म्हणजे २,७०० घनमीटर, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट किंवा २.८३ घनमीटर, म्हणून ९५३ ब्रास. बागायतदार सावध होते. त्यांनी आधीच एका माणसाला बसवून मातीच्या ट्रॉल्या मोजून घेतल्या होत्या, आणि त्यांचा आकडाही साडेनऊशेच्या पुढे गेला होता. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आल्यावर शंकेला जागा उरली नाही. मला बोलावले ते माती मोजण्यासाठी नव्हे, तर “सत्तावीस लाख लिटरचे तळे अठरा लाखांवरच भरल्यासारखे का दिसते” हे पाहण्यासाठी.

शेततळ्याच्या भिंती उभ्या नसतात. या तळ्याच्या बाजूंना एकास एक उतार होता, म्हणजे ३ मीटर खोल जाताना प्रत्येक बाजू ३ मीटर आत येते. वरची बाजू ३० मीटर असेल तर तळाची बाजू २४ मीटर. अशा आकाराचे घनफळ काढण्यासाठी तीन क्षेत्रफळे लागतात : वरचे ९०० चौरस मीटर, तळाचे ५७६ चौरस मीटर, आणि बरोबर मध्यावरचे, जेथे बाजू २७ मीटर आहे, ७२९ चौरस मीटर. मध्यावरच्या क्षेत्रफळाची चौपट करून त्यात वरचे आणि तळाचे मिळवावे, खोलीने गुणावे आणि ६ ने भागावे. २,९१६ अधिक ९०० अधिक ५७६ म्हणजे ४,३९२, गुणिले ३, भागिले ६, उत्तर २,१९६ घनमीटर.

येथे एक आडवाट फार वापरली जाते : वरच्या आणि तळाच्या क्षेत्रफळांची सरासरी काढून खोलीने गुणायचे. त्याने २,२१४ येतात, म्हणजे १८ घनमीटर जास्त. एकास एक उतारात ही चूक क्षम्य आहे. एकास दीड उतारात तळाची बाजू २१ मीटर होते, खरे उत्तर १,९७१ असते आणि सरासरीचे २,०११.५, म्हणजे चूक ४० हजार लिटरांवर जाते. तळे जितके पसरट तितकी ती वाढते.

आता २,१९६ घनमीटरांचे ब्रास ७७५ होतात, ९५३ नव्हे. १७८ ब्रासचा फरक पडला. मग ट्रॉल्यांचा आकडा का जुळला? कारण जमिनीत दबलेली माती खोदली की सैल होऊन फुगते. मुरूम, काळी माती, तांबडी माती यांचे फुगण्याचे प्रमाण वेगवेगळे, पण ते पाव हिश्श्यापर्यंत सहज जाते. ७७५ ब्रास खड्डा पाव हिश्श्याने फुगला की ट्रॉल्यांत ९६९ ब्रास माती भरते. एकाने भिंतीचा उतार विसरून आकडा वाढवला होता, दुसऱ्याने फुगलेली माती मोजून तो वाढवला होता, आणि दोघे योगायोगाने एकाच ठिकाणी पोचले. दर मात्र खड्ड्याच्या मापाने ठरलेला होता. हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही. पोकलेनवाल्याच्या वहीत मागची सारी तळी त्याच पद्धतीने मांडलेली मी पाहिली, त्यांत त्याच्या स्वतःच्या भावाचे तळेही होते.

पाण्याकडे परत येतो. तळे काठापर्यंत भरत नाहीत, वर अर्धा मीटर मोकळा ठेवतात. अडीच मीटर पाण्याला वरची बाजू २९ मीटर होते आणि त्याच सूत्राने १,७६१ घनमीटर, म्हणजे १७ लाख ६१ हजार लिटर पाणी मिळते. बागायतदारांना दिसलेले अठरा लाख हेच होते. २,७०० ला १,७६१ ने भागले की १.५३ येतात, सुरुवातीला सांगितलेल्या “कोणत्याही सूत्रात न बसणाऱ्या” पट्ट्यातला आकडा.

तळ्यावर काठी रोवून पाण्याची खोली पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की याच तळ्याच्या सर्वांत खालच्या एका मीटरमध्ये ६ लाख २५ हजार लिटर बसतात आणि सर्वांत वरच्या एका मीटरमध्ये ८ लाख ४१ हजार. बाग चालू असताना पाणी एक मीटरने उतरले म्हणजे किती लिटर गेले हे, ते कोणत्या मीटरवरून उतरले यावर अवलंबून आहे. सांगलीकरांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फुटांवर आणि धोक्याची ४५ फुटांवर आहे, आणि त्या वरच्या पाच फुटांत नदी पसरून जे पाणी मावते ते तळाच्या पाच फुटांत कधीच मावलेले नसते.

किलो, गॅलन आणि वर्तमानपत्रातले टीएमसी

एक लिटर म्हणजे एक किलो हे फक्त पाण्याला लागू पडते, आणि तेही जवळपास. १९०१ पासून १९६४ पर्यंत तर लिटरची व्याख्याच एक किलो पाण्याचे घनफळ अशी होती. १९६४ मध्ये ती रद्द होऊन लिटर म्हणजे नेमका एक घनडेसिमीटर असे ठरले. दूध पाण्यापेक्षा जड आहे, एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरते, त्यामुळे चाळीस लिटरच्या कॅनमध्ये ४१.२ किलो दूध मावते. संकलन केंद्रावर वजन किलोत आणि घरची मोजणी मापाने लिटरमध्ये असेल, तर रोज तीन टक्क्यांचा फरक पडेल आणि त्यात कोणाचीही लबाडी असणार नाही. खाद्यतेल उलट हलके आहे : एक लिटर म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. पंधरा किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर तेल असते आणि पंधरा लिटरच्या डब्यात केवळ १३.६५ किलो. दुकानात दोन्ही डबे “पंधराचा डबा” म्हणून मिळतात, तेव्हा भाव विचारण्याआधी छापील एकक वाचावे.

गॅलनचा घोटाळा आता मोबाइलमुळे वाढला आहे. आपल्याकडील जुन्या लोकांचा आणि जुन्या पंपांचा गॅलन ब्रिटिश, ४.५४६ लिटरचा. मोबाइलवरील गणकयंत्र न विचारता जो गॅलन धरते तो बहुधा अमेरिकन, ३.७८५ लिटरचा असतो. दोघांचे गुणोत्तर १.२. पंपाची पाटी जुनी असेल तर ब्रिटिश गॅलन धरावा.

धरणांच्या बातम्यांतही हीच गफलत होते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे २८.३२ दशलक्ष घनमीटर. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी आणि तीच २,९८० दशलक्ष घनमीटर. दोन तक्त्यांतले आकडे वेगळे दिसले म्हणून कोणताही तक्ता खोटा ठरत नाही. क्युसेक हे मात्र साठलेल्या पाण्याचे माप नसून एका सेकंदात किती घनफूट पाणी जाते याचे माप आहे. पन्नास हजार क्युसेकचा विसर्ग अखंड एक दिवस चालला तर ४.३२ टीएमसी पाणी जाते. वेळ सांगितल्याशिवाय क्युसेकचे टीएमसी किंवा लिटर करता येत नाहीत.

हिशेबावर भरवसा नसेल तर बादली

जतच्या मालकांना माझाही आकडा लगेच पटला नाही, आणि ते मला योग्यच वाटले. आम्ही वीस लिटरची बादली घेतली, ती खरोखर वीस लिटरची आहे का हे पाहण्यासाठी शेजारच्या दुकानातील काट्यावर रिकामी आणि भरलेली अशी दोनदा तोलली, आणि बोअरच्या पाइपाखाली धरली. मोबाइलच्या घड्याळावर सोळा सेकंदांत ती भरली. सेकंदाला सव्वा लिटर, तासाला ४,५०० लिटर. अशी बादली किमान तीनदा भरून सरासरी घ्यावी, कारण पंप सुरू झाल्याबरोबर पहिल्या मिनिटाला धार वेगळी असते. नंतर हौद पूर्ण रिकामा करून तोच पाइप आत सोडला. जादा पाण्याच्या पाइपातून थेंब पडू लागला तेव्हा एक तास पंचेचाळीस मिनिटे झाली होती. ७,८२२ ला ४,५०० ने भागले की एक तास चव्वेचाळीस मिनिटे येतात.

त्यानंतर आम्ही हौदाच्या आतल्या भिंतीवर तळापासून दर फुटाला ऑइलपेंटने खुणा केल्या. साडेआठ गुणिले साडेसहा फुटांच्या तळावर एक फूट पाणी म्हणजे १,५६४ लिटर, एक इंच म्हणजे १३० लिटर. पुढच्या खेपेला टँकर येण्याआधी मालकांनी झाकण उघडून पाहिले तेव्हा पाणी दुसऱ्या खुणेच्या दोन इंच खाली होते. त्यांनी त्यातूनच हिशेब केला आणि टँकरवाल्याला पाच हजार लिटर टाकायला सांगितले, उरलेले पाणी वस्तीच्या खालच्या घराला दिले.